घरात माणसं किती

वडील दोन तास घराबाहेर राहिले, तर मुलाच्या पदरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि घरमालकाच्या कटकटीतून कायमची सुटका एवढं पडणार होतं. दोन तासांच्या मानानं सौदा वाईट नव्हता. बापाला सांगायचं कसं, एवढाच काय तो प्रश्न.

वडील सैन्यातून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना सुभेदार म्हणे. सैन्यानं न दिलेली बढती गल्लीनं फुकटात देऊन टाकली होती. या सुभेदारांनी एका मित्राच्या कर्जाला जामीन राहून हात पोळून घेतले. मित्र पसार झाला, वसुलीवाले दारात आले, आणि तेव्हापासून पेन्शन कुठं जाते हे घरात कुणी विचारत नसे. मुलानं आपल्या पहिल्या घरासाठी कर्जाचा अर्ज टाकला, तेव्हा दलालानं बजावलं होतं, बुडव्याचा जामीन घरात दिसला की अर्ज गेलाच म्हणून समजा.

काल सुनेनं फोन घेतला. बँकेचा माणूस सकाळी घर बघायला येणार होता.

आणि आज वडील दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसलेले. पाहुण्याला पलटणीच्या गोष्टी ऐकवायची तयारी दिसतेय, असं मुलाला वाटलं.

"बाबा, जरा बागेत फिरून या."

"आज नको. आज मी असलेलं बरं."

"तुम्ही नसलेलंच बरं."

पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. वडिलांनी चपला घातल्या. सून भिंतीकडं बघत राहिली.

बँकेचा तपासनीस आला. खोली पाहिली, विजेचं बिल पाहिलं, घरात कोण कोण राहतं ते विचारलं. आम्ही दोघंच, मुलगा म्हणाला.

"आणि वडील?"

मुलानं विजेच्या बिलाची घडी घातली. वडील इथं राहत नाहीत, कुठं असतात ठाऊक नाही, आता संबंधच उरलेला नाही, असं त्यानं सांगितलं. पहिलं वाक्य जड गेलं. तिसरं आपसूक आलं.

मान वर केली तर वडील दारात. चष्मा न्यायला परतले होते.

तपासनीस वळला. "आपण?"

वडिलांनी मुलाकडं पाहिलं. रागानं नाही, राग परवडला असता.

"शेजारी," ते म्हणाले.

"यांचे वडील इथं राहत नाहीत म्हणतात. खरं का?"

"घरातलाच माणूस सांगतोय, म्हणजे खरं असणार."

आणि ते जिना उतरून गेले, चष्मा न घेताच.

तपासनीसानं या जबाबावर मुलाची सही घेतली. सही करताना मुलाला बायकोकडं बघवेना. तरी शेवटी त्यानं विचारलंच, माझं कर्ज मग कधी मिळेल?

"तुमच्या अर्जाचं मला काही माहीत नाही," तपासनीस बॅग बंद करत म्हणाला. "मी तुमच्या वडिलांच्या अर्जासाठी आलो होतो. जामिनाचा शेवटचा पैसा त्यांनी गेल्या महिन्यात पेन्शनमधून फेडला, म्हणून माजी सैनिकाच्या सवलतीत कर्ज मिळत होतं. आता या पत्त्यावर राहतच नाहीत म्हटल्यावर अर्ज बंद. हप्ते त्यांनी भरायचे आणि घर तुमच्या नावावर, असं ठरवलं होतं त्यांनी."