धुतलेल्या वाघिणी

आईने अकराच्या अकरा वाघिणी धुऊन गॅलरीत टॉवेलवर वाळत घातल्या होत्या. खऱ्या मालगाडीचे डबे नव्हेत ते. हाताच्या पंजात मावतील एवढी प्लॅस्टिकची मॉडेलं. शनिवारची दुपार होती. मुलगा कामावरून आला आणि बूट न काढताच गॅलरीच्या दारात थबकला.

"किती मळल्या होत्या रे," आई म्हणाली. "जुना टूथब्रश घेतला, साबण लावला. बघ कशा लख्ख निघाल्या. तीन-चार तारा तेवढ्या निघून आल्या. वाटीत ठेवल्यात, हरवल्या नाहीत."

मुलगा दातांच्या कवळ्या बनवायचा. उरलेल्या वेळात तो आगगाडीची तयार मॉडेलं विकत आणून त्यांच्यात भर घालत बसायचा. दुकानातल्या वाघिणीवर चढायचे दांडे नुसते उठावाने दाखवलेले असतात. तो ते पात्याने तासून काढी, केसाएवढी भोकं पाडी आणि पितळी तारेचे सुटे दांडे बसवी. मग ब्रेकच्या नळ्या, साखळ्या. सगळ्यात शेवटी रंगाची कोरडी पूड घेऊन गंज, धूळ, काजळी. या अकरा जणींना पाच महिने लागले होते. पूड पक्की व्हावी म्हणून वर वार्निशचा फवारा मारायचा, तो आज मारायचा होता. उद्या सकाळी दहाला प्रदर्शन होतं.

बायको बाहेर आली. तिने गॅलरी पाहिली, मग नवऱ्याचा चेहरा.

"आई, तुम्हाला म्हटलं होतं ना मी, तुम्ही काही करू नका, नुसत्या बसा म्हणून?"

"नुसतीच तर बसलेय," आई म्हणाली. "पंधरा दिवस."

"ती घाण नव्हती," मुलगा म्हणाला. "मी लावली होती ती. मुद्दाम. पाच महिने खपून."

आईला आधी ते खरंच वाटेना. "मळवायला पाच महिने? लहानपणी तू पाच मिनिटांत मळून यायचास."

बायकोला हसू आलं, ते तिने गिळलं. मुलगा हसला नाही.

"यापुढे माझ्या कशालाही हात लावू नकोस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आई आत गेली. थोड्या वेळाने तिच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

मुलगा टेबलापाशी बसला. सुटलेल्या तारा चिमट्याने पुन्हा भोकांत बसवल्या, पुडीच्या डब्या उघडल्या आणि पहिली वाघीण हातात घेतली. पाच महिन्यांचं काम एका संध्याकाळीत उरकायचं म्हणजे हात भरभर चालवायला हवा. त्याने भरभर चालवला. वाघीण पावडर थापलेल्या तोंडासारखी दिसायला लागली.

आई बॅग घेऊन बाहेर आली. "तुझ्या ताईकडे जाते चार दिवस," ती म्हणाली. त्याने मान वर केली नाही. ती त्याच्या खुर्चीमागून पुढे गेली, आणि दोन पावलं मागे आली.

"हे काय लावतोयस?"

"गंज."

"असा सगळीकडे सारखा? गंज काय भिंतीचा रंग आहे?" तिने बॅग खाली ठेवली. "पाणी कुठून येतं? वरून. छपराच्या कडेला थांबतं, मग जागा मिळेल तिथून ओघळतं. खिळ्याखाली बघ, गंजाची शेपटी लोंबते. आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात तर खातोच."

"तुला काय माहीत?"

"तुझ्या बाबांचा जेवणाचा डबा घेऊन यार्डात कोण जायचं, तू? बावीस वर्षं जात होते मी. ते गाडी जोडत असायचे आणि मी वाघिणीच्या सावलीत उभी. दुसरं बघायला तिथं होतं काय?"

त्याने थोडा वेळ हातातल्या वाघिणीकडे पाहिलं. मग ओल्या फडक्याने ती पुसून काढली आणि कुंचला आईच्या पुढे धरला.

कुंचला तिला जमेना. तिने तो बाजूला ठेवला आणि बोटाच्या टोकावर पूड घेतली. छपराच्या कडेला टेकवली, नखाने खाली ओढली. एक शेपटी लोंबली. दुसरी तिच्याहून आखूड. तिसऱ्या खिळ्याखाली तिने काहीच लावलं नाही.

"इथं?"

"इथं नाही येत कधी कधी. का ते मला विचारू नकोस."

नऊ वाघिणी तिने केल्या. तो एकेक घेऊन गॅलरीत जाई आणि फवारा मारून येई. दोघं फारसं बोलत नव्हते. "चष्मा दे," "ही झाली," "काळी संपली का," एवढंच. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा दोन उरल्या होत्या. त्यातली एक त्याने घेतली. छप्पर, कडा, खिळे, तिने केलं तसंच केलं. मग चढायच्या दांड्यावर तपकिरी बोट टेकवणार, तोच आईने त्याचं मनगट धरलं.

"तिथं नको."

"का? लोखंडच ना तेही?"

"अरे, ते धरून माणसं चढतात-उतरतात. रोज हात लागतो तिथं गंज चढत नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. ती आत वळली. परात ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"आई," ती आतून म्हणाली, "कणीक मळता का जरा?"

आईने दोन्ही हात दिव्याखाली धरून पाहिले. मनगटापर्यंत तपकिरी झाले होते.

"आले," ती म्हणाली. "पण हात धुतले तर चालेल ना? की तेही असेच ठेवायचे?"