नावानं हाक

चार महिन्यांनी घरी आलेली सून आधी सासूच्या पाया पडते. दुर्गा आली ती पिशवी ओटीवर टाकून थेट सासऱ्यांच्या खाटेशी गेली आणि त्यांच्या छातीकडे टक लावून उभी राहिली. डोक्यावर पदरही नाही.

ठमाबाई सुपाऱ्या सोलायच्या थांबल्या. राग आधीचाच होता. सात वर्षं नर्सची नोकरी करून ही बया पुन्हा विद्यार्थीण झाली होती. अत्यवस्थ रोग्याजवळ कसं बसायचं, त्याचा म्हणे मुंबईत वर्षाचा अभ्यास! आता पुरे, सोडून दे, हे सांगायलाच त्यांनी तिला रेवदंड्याला बोलावून घेतलं होतं.

"निजू दे त्यांना," ठमाबाई म्हणाल्या. "आज अंगारकी. सकाळी कंपाउंडर साखरेच्या दुखण्याची सुई टोचून गेला, तेव्हापासून कसे शांत पडलेत. घामही सुटलाय. बरं वाटत असेल."

"खाल्लंय काही?"

"चंद्र बघायच्या आधी त्यांनी कधी दाणा तोंडात घातलाय?"

दुर्गानं सासऱ्यांच्या कपाळाला हात लावला. गार. मग ती वाकली आणि वाडीच्या दगडी गडग्यापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "मार्तंडराव! डोळे उघडा! मार्तंडराव!"

विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या शेजारच्या जनीच्या हातातला दोर थांबला. सासऱ्याचं नाव, सुनेच्या तोंडी!

मार्तंडरावांच्या पापण्या हलल्या, किलकिल्या झाल्या.

"ही झोप नव्हे, सासूबाई. सुईनं अंगातली साखर उतरली, आणि पोटात काही नाही. मी साखरपाणी आणते. शुद्ध गेली तर तेही घशाखाली घालता येणार नाही. मी येईपर्यंत हाक मारत राहा. नावानं."

"हेच शिकवतात वाटतं तिथं?"

"पहिल्याच दिवशी. 'अहो' म्हटल्यानं असा रोगी जागा राहत नाही." आणि ती स्वयंपाकघरात पळाली.

ठमाबाई खाटेशी बसल्या. "अहो," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "अहो, ऐकलंत का?"

पापण्या मिटत चालल्या.

ते नाव त्यांनी एकदाच घेतलं होतं, लग्नात, घास भरवताना, उखाण्यात दडवून. ठमाबाईंनी विहिरीकडे पाहिलं. जनी बघतच होती. बघू दे मेलीला.

"मार्तंडा!" त्या ओरडल्या. "मार्तंडा, ऊठ! मार्तंडा!"

मार्तंडरावांनी डोळे उघडले आणि लहान पोरासारखे बायकोकडे बघत राहिले. तोवर दुर्गा आली. तिनं त्यांना टेकून बसवलं आणि चमचा ओठांशी नेला. एक घोट, थांबून दुसरा. ठमाबाई हाका मारतच होत्या.

"पुरे आता, सासूबाई," शेवटी दुर्गाच म्हणाली. "जागे आहेत ते."

पाव तासानं मार्तंडरावांनी भिंतीला टेकून विचारलं, "चंद्र उगवला?" बाहेर अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या उन्हानं तापल्या होत्या.

ठमाबाईंनी पदर सारखा केला. दुर्गाकडे वळल्या.

"सासऱ्याचं नाव घेतलंस, हे मी मरेपर्यंत विसरायची नाही. सोमवारच्या पहिल्या लाँचनं जायचं आणि राहिलेलं सगळं शिकून यायचं. अर्धवट शिकलेली मला घरात नको. आणि दुर्गे, पाया पड. अजून पडली नाहीस."