चोवीसपैकी चोवीस

"भिंग बसवू नका," प्राध्यापक म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. मोतीबिंदू काढून त्या जागी कृत्रिम भिंग नको, असे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते. "सर, त्या डोळ्याला सगळं धूसर दिसेल. बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागेल, तोही दुसऱ्या डोळ्याशी जुळणार नाही. आणि उद्या विचार बदललात, तर या डोळ्यावर पुन्हा शस्त्रक्रियेची जोखीम मी घेणार नाही."

"कल्पना आहे मला."

कल्पना खरोखरच होती. माणसाच्या डोळ्यातील भिंग अतिनील प्रकाश अडवते. मधमाशीचा डोळा तो टिपतो. म्हणून जे फूल आपल्याला सरसकट पिवळे दिसते, त्याच्या मधोमध मधमाशीला गडद ठिपका दिसतो. मकरंद कुठे आहे, हे तो सांगतो. प्राध्यापकांनी सव्वीस वर्षे या ठिपक्यावर काम केले होते. एक ठिपक्याचा आणि एक बिनठिपक्याचा, असे दोन वाण जोपासले होते. ठिपका मात्र त्यांनी पाहिला होता तो केवळ अतिनील प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर, करड्या रंगात.

धाकट्याला तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

धाकटा म्हणजे सख्खा भाऊ, रोपवाटिका चालवणारा. प्राध्यापकांचे वाण त्याच्याच काचघरात वाढत. लहानपणी दोघे एकाच पुडीतले बी दोन कुंड्यांत पेरत; तरारून यायचे ते धाकट्याचे. चार वर्षांपूर्वी काचघराची तार उसळून त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. भिंग काढावे लागले; नवे बसवण्याजोगी जागा उरली नव्हती. पुढच्याच हंगामात पाण्याची नळी फुटली आणि कुंड्यांवरील खुणा धुऊन गेल्या. धाकट्याने घामाने धुरकटलेला चष्मा कपाळावर सरकवला, चोवीस फुले देठासकट खुडली आणि गप्पा मारता मारता त्यांचे दोन ढीग केले. प्राध्यापकांनी कॅमेऱ्याखाली प्रत्येक फूल तपासले. चोवीसपैकी चोवीस बरोबर.

"तुला कळतं हे?"

"त्यात न कळण्यासारखं काय आहे, दादा?"

त्या संध्याकाळी प्राध्यापक जेवले नाहीत. निरीक्षण वहीत नोंदवले. शोधनिबंधात घेतले नाही. काचघरात जाणे हळूहळू बंद केले. या भावनेला ते मनातल्या मनात कुतूहल म्हणत. पोट दुखते आहे, हे कबूल करणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. स्वतःच्या डोळ्यात मोतीबिंदू झाल्याचे कळले, तेव्हा ते हसले होते.

शस्त्रक्रियेनंतर सातव्या आठवड्यात ते काचघरात गेले.

"या," धाकटा म्हणाला. "आता दोघांत मिळून चांगल्या डोळ्यांची एक जोडी झाली."

प्राध्यापकांनी जाड चष्मा काढला आणि दुसरा डोळा तळहाताने झाकला. टेबलावर चोवीस फुले होती. पिवळ्यावर निळसर पांढरी साय धरल्यासारखे काहीतरी दिसत होते खरे. पण कडा विरघळल्या होत्या, आणि फुलाचा मध्य कुठे संपतो तेच कळत नव्हते. दोन ढीग करायला त्यांना वीस मिनिटे लागली. कॅमेऱ्याने निकाल दिला: चोवीसपैकी अकरा. नाणे उडवून याहून बरे जमले असते.

फुले पुन्हा मिसळून त्यांनी धाकट्यापुढे सरकवली. दोन मिनिटांत दोन ढीग झाले. चोवीसपैकी चोवीस.

"पुन्हा कर. या खेपेला हात लावू नकोस. नुसता बघ."

"नुसतं बघून?" धाकट्याने हात पाठीमागे घेतले, टेबलावर वाकला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग मान हलवली. "नुसतं बघून कसं ओळखणार, दादा? सगळी सारखीच पिवळी. तुझ्या ठिपकेवाल्यांचा देठ खरबरीत असतो, दुसऱ्यांचा गुळगुळीत. बोटांना लगेच कळतं."

प्राध्यापकांनी चष्मा चाचपला, पण लावला नाही. "कधीपासून?"

"पहिल्या हंगामापासून," धाकटा देठांची जुडी बांधत म्हणाला. "तेव्हा माझे दोन्ही डोळे धड होते."