बोगद्यापलीकडचा बर्फ

"गाडी चालवायला कोणी माणूस नाही का बरोबर?"

बोगद्याच्या लाहौलकडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोलिसानं काचेतून आत डोकावत विचारलं.

"मी माणूसच आहे," पलझोम म्हणाली.

पोलीस ओशाळला. चाकांना बांधलेल्या साखळ्या त्यानं वाकून पाहिल्या आणि आडवी दांडी उचलली. "सांभाळून जा, ताई. तुमच्यामागं आता कोणाला सोडत नाही."

बाहेर पडताच समोरचं सगळं पांढरं झालं. रस्ता, डोंगर, आभाळ, काही वेगळं दिसेना. शेजारच्या सीटवर तिचे वडील, आबा, पोटावर उशी दाबून बसले होते. ऑपरेशनचे टाके अजून ओले होते. कुल्लूच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, पण आबा ऐकेनात. घरी आई, आमा, एकटी होती. मातीच्या छतावर बर्फ चढत चालला होता. वेळेवर ओढून टाकला नाही तर छत खाली बसतं.

भावाचं, नोरझंगचं, हॉटेल वाटेतच, मनालीत. सकाळी दोघं तिथं थांबली, तेव्हा त्यानं गरम चहा पाजला, आबांचे पाय दाबले. "अशा बर्फात कोण गाडी काढतं?" म्हणाला. "हॉटेल भरलंय, मला हलता यायचं नाही. जायचंच असेल तर पलझोम आहेच की." आणि पाहुण्यांनी हाक मारली म्हणून उठून गेला.

पलझोम आहेच की. जणू ती गाडीबरोबरच मिळालेली होती.

"धक्के किती देतेस," आबा कण्हले. "नोरझंगचा हात बघ, पोटातलं पाणी हलत नाही."

सिस्सू गाव मागं पडलं. वारा गाडीला खोऱ्याकडे ढकलत होता. खाली कुठंतरी चंद्रा नदी होती.

"बर्फ वितळला की नोरझंग माणसं घेऊन येणार आहे," आबा जरा वेळानं म्हणाले. "नदीकाठच्या शेतात पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्यात."

पलझोमचा पाय चुकून ब्रेकवर पडला. गाडीचं बूड घसरलं, आडवं झालं आणि कसंबसं सरळ आलं.

"नदीकाठच्या? माझ्या वाटाण्याच्या शेतात?"

"तुझं कसलं? जमीन मुलाची असते. रीत आहे आपली."

त्या शेतातले दगड तिनं पाठीवरून वाहिले होते. आमाचे गुडघे गेल्यापासून पेरणी तिची, पाणी तिचं, तोडणी तिची, वाटाण्याची पोती बाजारात नेणं तिचं. लग्नाचं वय त्याच बांधावर निघून गेलं होतं.

"मला विचारलंत कोणी?"

"तुला काय विचारायचं? तू घरचीच आहेस. खोल्यांवर देखरेख करशील, चादरी बदलशील. बसून कामं."

तिला ओरडायचं होतं. तेवढ्यात उजवीकडच्या उतारावरून बर्फाचा लोट रस्त्यावर आला आणि गाडीचं तोंड त्यात रुतून बसलं.

मागून फावडं काढून ती खाली उतरली. आधी गाडीच्या मागच्या नळीचं तोंड मोकळं केलं, नाहीतर धूर आत कोंडला असता. अंगावरची शाल आबांच्या पायांवर टाकली. मग ती कमरेएवढ्या बर्फात शिरली.

चादरी बदलशील! तिनं फावडं मारलं. बसून कामं! पुन्हा मारलं. बोटं बधिर झाली, पापण्यांवर बर्फ गोठला, पण रागानं तिचे हात थांबेनात. मध्येच फावड्याचा दांडा खुपसून ती रस्त्याची कड कुठं संपते ते चाचपून बघे. एकदा दांडा नुसताच आत गेला. खाली जमीन नव्हती. ती मागं सरली, श्वास घेतला आणि पुन्हा खणू लागली.

आबा आतून काच ठोकत होते. "पोरी, आत ये! मरशील!"

"मेले तर घरी कोण नेईल तुम्हाला?" ती ओरडली. वाऱ्यात ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

वाट मोकळी झाली.

उजेड असतानाच ती गावात पोचली. आमा छतावर बर्फ ओढत होती. फावडं टाकून ती दुखऱ्या गुडघ्यांनी शिडीवरून कशीबशी खाली आली. शेजारी धावले. आबांना चौघांनी उचलून आत नेलं, पेटत्या शेगडीपाशी निजवलं.

"बाप रे," शेजारचे अंगरूपकाका म्हणाले, "रस्ता तर कधीचा बंद झालाय. आणलं कोणी तुम्हाला?"

आबांनी पलझोमचा हात धरला. तिच्या हाताची सालटं निघाली होती. त्यांचे डोळे भरून आले.

"हिनं. नुसत्या फावड्यानं रस्ता काढला हिनं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ही मुलगी नाही माझी. मुलगा आहे, मुलगा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमानं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. लहानपणापासून पलझोम याच शब्दांची वाट पाहत आली होती. आज ते कानफटात बसल्यासारखे लागले.

तिनं हात सोडवून घेतला.

"मुलगा असते ना आबा, तर आत्ता मी मनालीत शेकत बसले असते. तुम्ही घरी पोचलात ते मुलगी आहे म्हणून. आणि त्या शेतात यंदाही वाटाणाच लागेल."

आबांनी तिच्या हातांकडे पाहिलं.

"नोरझंगला काय सांगू मग?" त्यांनी हळूच विचारलं.

"हेच सांगा," पलझोम म्हणाली आणि फावडं घेऊन छतावर गेली.