नुसता करंट

बॉबिनकाकांनी छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची वायर लॅपटॉपला लावली आणि बोर्डावरचा इवलासा दिवा लुकलुकायला लागला. काकांनी चटकन हात मागे घेतला. त्यांनी अजून एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

"अगं, हे बघ," ते म्हणाले. "मी काही केलं नाही आणि हा आपला चालूच झाला!"

काकू टेबलापलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "छान! जमलं की तुम्हाला."

"जमलं कुठे? मी काही केलंच नाही म्हणतोय."

"तर काय," काकू म्हणाल्या आणि टॉवेल झटकून पुढे घेतला.

काका डोकं खाजवत बसले. उभा जन्म शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात गेला होता. त्यावरूनच गल्लीने त्यांचं नाव बॉबिन ठेवलं होतं. मशीनचं एक बरं असतं. चाक फिरवलं तर सुई खाली जाते, नाही फिरवलं तर नाही. इथे चाकाला हात न लावता सुई नाचत होती.

त्यांना हवं होतं ते साधंच होतं. दाराची बेल वाजली की स्वयंपाकघरात दिवा लागावा. गेल्या आठवड्यात ते किल्ली घरात विसरून भाजीला गेले होते. परत आल्यावर बेल दाबून दाबून बोट दुखायला लागलं. शेवटी खिडकीतून डोकावले, तर काकू आत पाठमोऱ्या बसून वाटाणे सोलत होत्या. नंतर म्हणाल्या, "मी आंघोळीला गेले होते." कानाच्या डॉक्टरांचं नुसतं नाव काढलं तरी काकू उसळायच्या, "मला काय धाड भरलीय?" म्हणून मग काकांनी गुपचूप पुतणीला फोन केला. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. तिने हा बोर्ड पाठवला आणि बजावलं, आधी नुसता दिवा लुकलुकवून बघा, बेलचं पुढे बघू. काकूंना त्यांनी सांगितलं होतं, रिकामपणाचा उद्योग.

पुतणीने पाठवलेला प्रोग्राम त्यांनी एका बोटाने टाइप केला. दिव्याने घाई करू नये म्हणून थांबायचा आकडा वाढवला. अपलोडचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. दिवा मात्र मघासारखाच लुकलुकत होता. त्यांनी आकडा आणखी वाढवला. पुन्हा लाल अक्षरं. दिवा तसाच. त्यांनी वायर उपटली, दिवा विझला. वायर लावली, पुन्हा सुरू. जणू काही बिघडलंच नव्हतं.

वैतागून त्यांनी पुतणीला फोन लावला.

"काका, तो कंपनीतूनच तसा येतो," ती म्हणाली. "लुकलुकायचा प्रोग्राम आधीपासून भरलेला असतो. करंट मिळाला की तो आपलं सुरू करतो."

"मग मी सांगतोय ते?"

"ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये. वायर कुठली लावलीत?"

"फोन चार्ज करायची. ती स्वस्तातली."

"मग बरोबर. काही वायरींमधून नुसता करंट जातो, काका. निरोप जात नाही."

"अगं, मग हा लुकलुकतोय कशाला असा? सगळं समजल्यासारखा?"

पुतणी हसली. काकांनाही हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. समोरून काकू त्यांच्याकडे बघून मान हलवत होत्या. फोनवर काय बोलणं चाललंय याचा त्यांना काहीएक पत्ता नसावा. घड्या उचलून त्या आत गेल्या.

जुन्या कॅमेऱ्याची वायर ड्रॉवरच्या तळाशी सापडली. काकांनी ती लावली, बटण दाबलं आणि श्वास रोखला. दिवा फडफडला. मग विझला. गेला कामातून, काकांना वाटलं. पण तो लागला आणि लागूनच राहिला. सावकाश विझला. पुन्हा सावकाश लागला. त्यांनी सांगितलं होतं अगदी तसा.

काका लहान मुलासारखे उठले.

काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून ताटं पुसत होत्या. नळ बंद होता. पंखाही बंद होता.

"चालला गं!" काका दारातून म्हणाले.

काकूंनी पुसलेलं ताट ठेवून दुसरं घेतलं.

"अगं, चालला म्हणतोय."

तेही ताट पुसून झालं. काका दारात तसेच उभे राहिले. आणखी मोठ्याने बोलावं, खांद्याला हात लावावा की मुकाट्याने परत जावं, त्यांना सुचेना. तेवढ्यात ताटं फळीवर ठेवायला काकू वळल्या आणि दचकल्या.

"अगंबाई! तुम्ही कधी आलात?"

"मघाशीच. दोनदा बोललो."

काकूंनी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं. रोजचं एखादं. मग ते मिटलं. ताटं त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती.

"मागून नका ना बोलत जाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "समोर येऊन बोला. तोंड दिसलं की कळतं मला."

काका दारातून पुढे होऊन त्यांच्यासमोर आले. काकूंनी वर बघितलं. डोळे काकांच्या ओठांवर लावून त्या वाट बघत राहिल्या.

आणि बोलायचं काय होतं, ते काकांना आठवेना.