खाली नाव लेकाचं

आखातात, अल बर्शात राहायला आल्यापासून चंद्रहास कुठल्याही बातमीवर मत देत नसे. "नोकरी, व्हिसा, सगळं खलास होईल," म्हणायचा. "अहो, हवामानाच्या बातमीलाही घाबरता तुम्ही!" लतिका बायकोच्या हक्कानं चिडवायची.

रविवारी सकाळी गावच्या ग्रुपवर वर्तमानपत्राचं कात्रण आलं. वाचकांच्या पत्रांत, नदी उपसणाऱ्या वाळूवाल्यांची कुणीतरी नावानिशी खरडपट्टी काढली होती. खाली छापलं होतं चंद्रहासचं नाव आणि गावच्या घराचा पत्ता.

गावी एकट्या राहणाऱ्या आईला त्यानं फोन लावला.

"मीच धाडलं रे ते," आई हसली. "नदी डोळ्यांदेखत आटत चाललीय, गप्प कशी राहू? माझं नाव घातलं असतं तर मेले दारात आले असते. तू सात समुद्रांपलीकडं. तुझ्या केसाला धक्का लागायचा नाही."

"आई, पत्ता आपल्या घराचा आहे! आधी दाराला कडी घाल!"

 

"थांब हं जरा, बाहेर जीपमधून उतरून चौघं-पाचजण तुझ्याच नावानं हाका मारतायत."