परका हात

"हलव," मिस्त्री ट्रकखालून म्हणाला.

वर केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरने स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे झटकलं. घाटात जायच्या आधी त्यांचं हे ठरलेलंच होतं. एकाने वर बसून स्टिअरिंग हलवायचं, दुसऱ्याने खाली आडवं होऊन चाकाजवळच्या जॉइंटवर तळहात ठेवायचा. सांधा झिजला असेल तर हाताखाली ठक लागते. डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला कळतं, असं मिस्त्री सांगायचा आणि ड्रायव्हरचे खांदे भरून येईपर्यंत त्याला स्टिअरिंग हलवायला लावायचा.

"बास," खालून आवाज आला.

"झालं? आज लवकर सोडलंस."

"कळायचं ते कळलं."

गाडी दोघांच्या लग्नांआधीची. तिला दुसऱ्या कुणा मिस्त्रीने शिवलेलं याला खपत नसे. परक्याचा हात लागला की गाडी बिघडते, असं त्याचं ठाम मत. एकदा वाटेत कुणी नुसता फॅनबेल्ट बदलला, तर साहेब आठवडाभर रुसून बसले होते. नवऱ्याने सवत आणली असती तरी बायकोने एवढा कांगावा केला नसता.

ड्रायव्हरला सकाळपासून त्याच्याशी काहीतरी बोलायचं होतं. येताना वाटेत वाक्य जुळवलं, गॅरेजच्या दारात येईपर्यंत ते विस्कटलं. मग ठरवलं, तपासणी होऊ दे, चहा पिता पिता सांगू.

मिस्त्री बाहेर सरकला आणि पाठ झटकत उभा राहिला. गाडीखाली उजेडासाठी न्यायची बॅटरी कामाच्या टेबलावर सकाळी होती तशीच पडली होती. तिच्या शेजारची चिंधी उचलून तो हात पुसायला लागला.

"उजव्या बाजूचा जॉइंट गेलाय," तो म्हणाला. "घाटात सुटला तर चाक एकीकडे आणि तू दरीत."

ड्रायव्हरने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "नीट बघितलंस?"

"म्हणजे? आज पहिल्यांदा बघतोय का मी?"

"तसं नाही रे. पुन्हा एकदा हात लावून बघ. मी हलवतो."

"माझ्या हातावर विश्वास नाही तुझा?"

या प्रश्नाला ड्रायव्हरकडे आजवर एकच उत्तर होतं. आज ते न देता तो केबिनमधून खाली उतरला.

मिस्त्रीने स्टूल ओढलं आणि आवाज मऊ केला. "एकट्या जॉइंटचं दुखणं नाही हे. पुढचा सगळा भाग खिळखिळा झालाय. आज हे बदलशील, उद्या दुसरं निघेल. विकून टाक. माझ्या ओळखीत गिऱ्हाईक आहे. वहिनींनी किती वर्षं दाराकडे डोळे लावून बसायचं? घरी राहा आता. माणसासारखा वेळेवर जेव, वेळेवर झोप."

"आणि या हातांचं काय करू? भाजी निवडू?"

"निवड की. मी निवडतो, मेलो का?"

एरवी ड्रायव्हर हसला असता. स्टिअरिंग धरण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. गाडी गेली की आपण खुंटीवरच्या जुन्या सदऱ्यासारखे घरात टांगून राहणार, ही भीती त्याने याच माणसाला कितीदा बोलून दाखवली होती.

तो बाहेर नळापाशी गेला आणि त्याने बायकोला फोन लावला.

"आज जात नाही. गाडी मिस्त्रीकडेच ठेवतोय."

"बरं केलंत," ती लगेच म्हणाली. "जॉइंटचा काय भरवसा हो? जीवापेक्षा गाडी मोठी नाही. या लवकर, पानं घेते."

तिचा आवाज कधी नव्हे इतका हलका झाला होता. फोन खिशात टाकून तो बराच वेळ तिथेच उभा राहिला. नळ ठिबकत होता. मागे गॅरेजमध्ये हातोडीचासुद्धा आवाज नव्हता.

आत आला तेव्हा मिस्त्रीच्या हातात एक काळाकुट्ट जॉइंट होता.

"म्हटलं, तुझी खात्री पटू दे. काढला." त्याने तो हलवला. वाटीतली गोळी खुळखुळ्यासारखी वाजली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? घे, तूच वाजवून बघ."

ड्रायव्हरने वाजवून बघितला. झिजला होता हे खरंच. असल्या जॉइंटवर हातगाडीही ढकलू नये.

"माझ्याच गाडीचा?"

"मग काय शेजाऱ्याचा?"

"आत्ताच काढलास?"

"हो रे बाबा."

"हिच्याशी काही बोलला होतास?"

"वहिनींशी? छे. कितीतरी दिवसांत बोलणंच नाही."

ड्रायव्हरचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. "ज्याच्या भरवशावर इतके घाट उतरलो," तो म्हणाला, "त्यानेच दगा दिला."

"लोखंडच ते. झिजणारच." मिस्त्रीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गिऱ्हाइकाला संध्याकाळी बोलावू?"

ड्रायव्हरने तो हात हळूच बाजूला केला. केबिनमध्ये चढून सीटखालून फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं आणि टेबलावर, बॅटरीशेजारी सोडलं. आत दोन जॉइंट होते, दोन्ही झिजलेले.

"माझ्या गाडीचे हे," तो म्हणाला. "परवा वाटेत अडकलो, तिथल्या मिस्त्रीने दोन्ही बाजूंना नवेकोरे घातले. परक्याचा हात लागला म्हणून सकाळपासून तुझी माफी मागायला शब्द शोधतोय."